त्रेचाळीस गुरुजींचा ओटीपी

राज्यातील बालके ऑनलाइन जगात असुरक्षित असून ती येत्या शुक्रवारी सायंकाळी पाच वाजेपर्यंत सुरक्षित करावयाची आहेत, असा आदेश सोमवारी दुपारी केंद्रातल्या शिक्षकांच्या व्हाट्सअॅप समूहावर येऊन पडला. आदेशाच्या माथ्यावर लाल अक्षरात 'अत्यंत तातडीचे' असं होतं. त्यानं कोणी दचकलं नाही. तातडीचं नसलेलं या समूहावर वाढदिवसाच्या शुभेच्छांशिवाय काही येतच नसे.

अभियानाचं नाव 'सुरक्षित क्लिक'. प्रत्येक शिक्षकानं चाळीस मिनिटांचा व्हिडिओ पाहायचा, वीस प्रश्न सोडवायचे आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. केंद्रात अकरा शाळा, त्रेचाळीस शिक्षक. आदेश वाचून बेचाळीस जणांनी खाली दोन हात जोडले आणि आपापला पासवर्ड गोकुळ खराटेला पाठवून दिला.

कारण या केंद्राची ती रीतच होती. गोकुळ हा केंद्राचा तंत्रस्नेही शिक्षक. ही पदवी त्याला कोणी समारंभात दिली नव्हती. एकदा त्यानं केंद्रप्रमुख भगवंतरावांच्या फोनचा आवाज वाढवून दिला, तेव्हापासून ती चिकटली. जी लिंक येईल ती गोकुळनं भरायची. साऱ्या केंद्राचे पासवर्ड त्याच्याकडे एका शंभर पानी वहीत होते. बहुतेकांनी थोरल्या लेकराच्या नावापुढे एक-दोन-तीन लावलेलं. वहीवर त्यानं 'गोपनीय' असं लिहिलं होतं आणि ती वर्गातल्या खडूच्या खोक्यात ठेवली होती.

शाळेत रेंज नव्हती. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत. रेंज मिळायची ती फाट्यावर, शकीलच्या दुकानात. शकील फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. बीटी कपाशी आली तेव्हा सांगितलं होतं की, या बियाण्याला बोंडअळी लागत नाही, आता फवारणीची कटकट गेली. शकीलच्या बापानं तेव्हा दुकान बंद करायचं ठरवलं होतं. बरं झालं केलं नाही. तेव्हापासून त्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही.

तर गोकुळ दुकानातल्या बाकड्यावर बसला आणि त्यानं एकामागून एक गुरुजी सुरक्षित करायला सुरुवात केली. व्हिडिओ पुढे ढकलता येत नव्हता, म्हणून तो वाजू द्यायचा. सोमवार ते शुक्रवार, आपल्या एकाच फोनवर तीन-तीन खिडक्या उघडून, तोच व्हिडिओ त्रेचाळीस वेळा वाजला. वाजत असताना गोकुळ शकीलशी अळीच्या गोष्टी करायचा. ऐकणारं एकच माणूस होतं. शकीलची मुलगी महनूर, गोकुळच्याच शाळेत सातवीला. शाळा सुटली की ती दुकानात बसून जुन्या टूथब्रशनं नोझल साफ करायची. बुधवारपर्यंत तिला व्हिडिओ तोंडपाठ झाला.

"मॅडम, ओटीपी आला असन. सांगा लवकर." गोकुळनं सुचिता मॅडमला फोन लावला.

"थांबा बाप्पा, चष्मा पाहू द्या. हं, घ्या. आठ, शून्य, सहा, चार."

पडद्यावर सहावा प्रश्न होता: 'ओळखीची व्यक्ती फोनवर ओटीपी मागत आहे. तुम्ही काय कराल?' गोकुळनं 'कदापि देणार नाही' या उत्तरावर बोट ठेवलं, मॅडमचा ओटीपी टाकला आणि सुचिता मॅडम पंच्याण्णव टक्क्यांनी उत्तीर्ण झाल्या.

निवृत्तीला सहा महिने राहिलेल्या कडूबा गुरुजींचा स्वतःहून फोन आला. "गोकुळ, मले किती पडले बे?"

"शंभर, गुरुजी."

"शंभर काऊन देल्ले? लोकायले शक येईन. माह्या वयाले शोभन असे दे ना, साठ-पासष्ट."

शुक्रवारी चार वाजून पन्नास मिनिटांनी केंद्र शंभर टक्के सुरक्षित झालं. भगवंतरावांनी समूहावर टाळ्या टाकल्या. त्याखाली बेचाळीस जणांनी टाळ्या टाकल्या. गोकुळनंही टाकल्या.

सोमवारी दुसरा आदेश आला. नुसत्या प्रशिक्षणाने बालके सुरक्षित झाल्याचे सिद्ध होत नसून, जनजागृतीचा पुरावा जोडावा. पुरावा म्हणजे पोस्टरसह बालकाचा फोटो, अक्षांश-रेखांशासह. फोटोखाली बालकाचे संपूर्ण नाव, इयत्ता, गाव व पालकाचा संपर्क क्रमांक ठळक अक्षरांत असावा. चेहरा स्पष्ट न दिसल्यास प्रवेशिका बाद.

पोस्टर महनूरनं काढलं. एक मोठा फोन, त्याला कुलूप, आणि खाली वळणदार अक्षरात: 'माझं नाव, माझा फोटो, माझा नंबर. मला विचारल्याशिवाय कोणालाही देऊ नका.' अक्षर असं, की शाळेच्या फळ्यालाही लाज वाटावी. गोकुळनं तिला व्हरांड्यात उभं केलं, फोटो काढला आणि खाली नाव, इयत्ता, गाव आणि शकीलचा नंबर टाकला. बेचाळीस जणांचे ओटीपी टाकणारं बोट ते; ते कुठं अडखळायला?

महनूरनं वाकून पाहिलं. "सर, खाली अब्बूचा नंबर काऊन टाकला?"

"शासनाले लागते, बेटा."

"पण व्हिडिओच्या भाग चारमदी तं सांगते का..."

"ते अनोळखी मानसायसाठी हाये. हे शासन हाये."

महनूरनं पोस्टर गुंडाळलं. शासन ओळखीचं आहे की अनोळखी, हे भाग चारमध्ये नव्हतं.

पोस्टर अभियानात पहिलं आलं. 'सुरक्षित बालक कक्ष' नावाचं जे वरचं कार्यालय होतं, त्यानं ते आपल्या पानावर झळकवलं. नऊशे जणांनी अंगठा दाखवला. चारशे जणांनी ते पुढे ढकललं. शाळेत गुळाचा खडा वाटला गेला.

दुसऱ्या दिवसापासून शकीलचा फोन वाजू लागला. आधी अभिनंदनाचे आले. मग पोरीला लॅपटॉप लागला आहे, फक्त ओटीपी सांगा, म्हणणारे आले. एकानं तर सांगितलं, मी सुरक्षित क्लिकमधूनच बोलतो. ऐन फवारणीचा हंगाम. गिऱ्हाइकांना फोन लागेना. एवढंही शकीलनं सोसलं असतं. पण एक जण रोज दुपारी फोन करू लागला. त्याला पंप नको होता. तो म्हणायचा, "महनूर आहे का? तिलाच द्या." नंबर अडवला की दुसऱ्या नंबरवरून करायचा. चौथ्या दिवशी त्यानं शाळा किती वाजता सुटते, हे विचारलं.

शकील शाळेत आला. हात तेलाचे होते, म्हणून त्यानं दाराला कोपरानं ढकललं. "सर, तो फोटो त्या पानावरून काढा. आजच्या आज. फोटो निघत नाही तोपर्यंत पोरगी शाळेत येत नाही. अन दिवाळीपर्यंत नाही निघाला, तं तिच्या खालाकडे धाडून देतो अकोल्याले. शिवणकाम शिकीन."

"शकीलभाई, पोरगी हुशार हाये."

"हुशार हाये म्हणूनच तं तुमी उभी केली. ढ असती तं घरी सुखानं बसली असती."

गोकुळ भगवंतरावांकडे गेला. ते पुरस्काराचा फलक भिंतीवर कुठं लावायचा, याचं माप घेत होते.

"फोटो काढाचा?" त्यांच्या हातातला टेप सुटला. "शंभराचे नव्याण्णव करतं का बे? अन आपल्याले अधिकारच नाही. कक्षाकडे तक्रार कर. प्रशिक्षित शिक्षकच करू शकते. तू प्रशिक्षित हायेस ना?"

गोकुळनं अभियानातलं आपलं खातं उघडलं. पडद्यावर सूचना होती: 'एकाच फोनवरून त्रेचाळीस व्यक्तींनी प्रशिक्षण घेतल्याचे आढळले आहे. फोनधारकाचे प्रमाणपत्र रद्द.' बाकी बेचाळीस जणांचे फोन कोरे होते, म्हणून ते निर्दोष. तो व्हिडिओ त्रेचाळीस वेळा वाजवणारा केंद्रातला एकमेव शिक्षक अप्रशिक्षित ठरला.

त्यानं सुचिता मॅडमला गाठलं. "मॅडम, तक्रार तुमच्या नावानं करावं लागते. तुमी प्रशिक्षित हाये."

"माय वो! मी हाये? मंग सांगाचं नाही का तसं! काय करावं लागते प्रशिक्षितानं?"

"ओटीपी सांगा."

मॅडमनी सांगितला. तक्रारीच्या नमुन्यात बालिकेचं संपूर्ण नाव, गाव, पालकाचा नंबर आणि आक्षेपार्ह फोटो पुन्हा जोडणं बंधनकारक होतं. शेवटी एक चौकट होती: 'ही माहिती गोपनीय राहील.' तिच्यावर खूण केल्याशिवाय नमुना पुढे सरकत नव्हता. तक्रार गेली, आणि कार्यवाहीस्तव तिची प्रत तालुक्यातल्या सगळ्या समूहांवर आली.

आठ दिवसांनी उत्तर मिळालं: 'तक्रार निकाली काढण्यात येत आहे. बालिकेची ओळख लपवण्यात आली आहे.' गोकुळनं धावत फाट्यावर जाऊन पान उघडलं. ओळख खरंच लपवली होती. महनूरच्या डोळ्यांवर एक काळी पट्टी ओढली होती. खाली नाव होतं, गाव होतं, इयत्ता होती, शकीलचा नंबर होता. अक्षरं ठळक होती.

आतापर्यंत तो एका शाळकरी मुलीचा फोटो होता. आता ते प्रकरण झालं. ज्यांनी आधी पाहिला नव्हता त्यांनीही पाहिला. पिठाच्या गिरणीवर बाया दळण सोडून कुजबुजू लागल्या. तिकडे दुसरबीडहून शकीलच्या चुलत सासऱ्याचा फोन आला: "पोरीचं काय झालं, आमाले कळवलंबी नाही?"

शकील या वेळी ओरडला नाही. त्यानं गोकुळला बाकड्यावर बसवलं. महनूर कोपऱ्यात नोझल घासत होती. तिची शाळा बंद झाल्यापासून ती सकाळपासूनच घासायची. दुकानातले सगळे नोझल लख्ख झाले होते.

"सर, काळी पट्टी पेपरात कोनाच्या डोळ्यावर लावतेत?" शकीलनं विचारलं. "जिचं काही झालं तिच्या. माह्या पोरीचं काय झालं होतं? चित्र काढलं होतं तिनं."

शकीलनं दुरुस्तीचा एक पंप पुढे ओढला.

"ते बियाण्याचं पाकीट अन तुमचं सर्टिफिकेट एकाच छापखान्यात छापते का हो? पाकिटावर लिवलेलं, अळी लागत नाही. फोडा बोंड, अंदर अळी. कंपनी म्हणते, पाकिटाले तं नाही ना लागली!"

मग कोपऱ्यातून महनूर बोलली. मान वर न करता. "सर, त्या पानाचा पासवर्ड तुमच्या वहीत नसन का? तुमच्यापाशी तं साऱ्यायचे असतेत."

वहीत नव्हता. पण वहीची गरजच नव्हती. तो दुसऱ्या आदेशासोबत कक्षानंच समूहावर टाकला होता, फोटो चढवणं सोपं जावं म्हणून: 'सुरक्षित', आणि पुढे एक-दोन-तीन. अडचण फक्त ओटीपीची. तो कक्षातल्या निवृत्ती नावाच्या बाबूच्या फोनवर जायचा. गोकुळनं फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदाच ओटीपी मागताना तो बाकड्यावरून उठून उभा राहिला.

"साहेब, सुरक्षित क्लिकमधून बोलतो. तुमाले ओटीपी आला असन."

"आला ना, घ्या. पाच, पाच, नऊ, दोन." निवृत्तीबाबूनं कोण बोलतंय हे विचारलं नाही. उलट म्हणाला, "अजून काही लागलं तं बिनधास्त सांगा."

निवृत्तीबाबूही प्रशिक्षित होता. शंभर टक्के.

गोकुळनं फोटो काढून टाकला. महनूरनं फोन हातात घेऊन स्वतः पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि मग नोझलचा ब्रश डब्यात ठेवला.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. गोकुळला कारणे दाखवा नोटीस आली: ऑनलाइन सुरक्षेचा भंग केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये? त्यानं लिहिलं, 'ओटीपी मागितला, दिला गेला.' खुलासा असमाधानकारक ठरून त्याची एक वेतनवाढ रोखली गेली आणि तंत्रस्नेही पदवी काढून घेतली गेली. पदवी गेल्यामुळे बेचाळीस जण पोरके झाले. त्या रात्रीपासून कडूबा गुरुजी सुनेकडून लिंक भरून घेतात.

शकीलनं नंबर बदलला. फाट्यापासून वरवट बकालपर्यंत भिंतींवर रंगवलेला जुना नंबर त्यानं स्वतः चुना मारून पुसला. निम्मी गिऱ्हाइकं त्यातच गेली. महनूर सोमवारी शाळेत आली. प्रार्थना झाल्यावर गोकुळच्या टेबलापाशी थांबली.

"सर, नऊशे लोकायनं अंगठा देल्ला ना?"

"हाव."

"त्यायच्यातल्या एकानंबी पोस्टर वाचलं नाही?"

गोकुळनं हजेरीपट उघडला आणि तिच्या नावापुढे हजेरी लावली.

त्याच दुपारी तिसरा आदेश आला. अभियानामुळे शाळेत परतलेल्या बालिकांच्या यशोगाथा, छायाचित्र व संपर्क क्रमांकासह, आजच्या आज पाठवाव्यात. गोकुळ फाट्यावर पोचताच भगवंतरावांचा फोन आला, "गोकुळ, आपल्यापाशी तं तयारच हाये ना बे!" गोकुळनं शाळेच्या कोऱ्या कागदावर, अठरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच, एक शब्द लिहून पाठवला: 'निरंक.'

यशोगाथा तेवढ्यावर राहिली. गावाचं नावही इथं मुद्दामच आलेलं नाही. पण काळी पट्टी नेमकी कशी ओढली होती, हे पाहायला तुमचा हात एव्हाना फोनकडे गेलाच असेल. तर शोधताना महनूर हे नाव टाकू नका. ते तिचं नाव नाही. पोस्टरवर काय लिहिलं होतं, तेवढं मात्र पुन्हा वाचा. तुम्हीही ते घाईघाईतच ओलांडलं होतं.