बाथरूमच्या लॅचचा यशस्वी प्रकल्प

बाथरूमचं दार नीट लागत नाही, ही त्या घरातली जुनी तक्रार होती. दार लावलं की ते थोडा वेळ आज्ञाधारकपणे टेकून राही आणि आतला माणूस डोक्याला साबण लावून डोळे मिटून बसला की सावकाश उघडे. मंडळींनी आपापल्या परीने तोडगे काढले होते. पत्नी दाराला भरलेली बादली लावी. मुलगी आत असेपर्यंत मोठ्याने पाढे म्हणे. अण्णा, म्हणजे गृहस्थांचे वडील, एक पाय लांब करून दार रेटून धरत आणि उरलेल्या अवयवांनी आंघोळ उरकत.

गृहस्थ नियोजन खात्यात अधिकारी होते. त्यामुळे दुरुस्तीला उशीर झाला असं म्हणता येणार नाही. विषय विचाराधीन होता. तो विचारातून बाहेर पडला तो इमारतीतल्या ‘होतकरू बाबा’ या फोनवरच्या ग्रुपमुळे. सुट्टीच्या दिवशी घरात स्वतःच्या हाताने केलेल्या कामाचे फोटो तिथे टाकायचे आणि इतरांनी कौतुक करायचं, असा नियम होता. तळमजल्यावरच्या बाबांनी स्टूल केलं होतं. त्यावर बसता येत नसल्याने ते भिंतीवर टांगलं होतं आणि सुंदर दिसत होतं. डॉक्टर बाबांनी फळी ठोकली होती. तिच्यावर काही ठेवायचं नाही एवढं पाळलं की ती भक्कम होती. आपले गृहस्थ बरेच दिवस नुसते दुसऱ्यांच्या फळ्यांना अंगठे देऊन कंटाळले होते.

शनिवारी सकाळी चहाच्या वेळी त्यांनी कामाची घोषणा केली. उद्दिष्ट : बाथरूमचं दार लागणे. साधनं : नवं लॅच, अवजारांची नवी पेटी आणि ‘नवशिक्या बाबांसाठी सोपी कामं’ नावाचा एक व्हिडिओ, ज्यातला हसरा तरुण चहा निवायच्या आत लॅच बसवत होता. मुलीला टॉर्च धरायला उभं केलं. दिवा चालू होता, पण कुटुंबाचा सहभाग आवश्यक होता.

दुपारपर्यंत लॅच बसलं. चहाही निवला होता, तेव्हा वेळेबाबत तक्रारीला जागा नव्हती. फक्त एक बोटभर लांबीची चौकोनी सळई उरली.

“ही कुठली?” पत्नीने विचारलं.

“जादाची आहे. चांगल्या कंपन्या देतात एखादी वस्तू जास्त,” गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी ती खिशात टाकली.

जाणकारांना माहीत असतं की ही सळई दाराच्या दोन्ही बाजूंच्या मुठी आणि मधली लॅचची जीभ यांना जोडते. ती नसली तर मूठ फिरते, पण जिभेला त्याची खबर लागत नाही. मात्र जाणकार या प्रकल्पावर नव्हते.

चाचणीसाठी लाभार्थी हवा होता. अण्णांना दाढी करायचीच होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा बालमित्र येणार होता. मुलाकडे दूरदेशी राहायला गेलेला हा मित्र दोन प्रवासांच्या मधल्या एका दुपारपुरता गावात होता, आणि ‘पुढच्या खेपेला निवांत भेटू’ असं म्हणायचं दोघांचंही वय राहिलेलं नव्हतं. अण्णा आत गेले. दार ओढलं. खट् असा आवाज झाला आणि ते दार आयुष्यात पहिल्यांदा लागलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आतून अण्णांनीही वाजवल्या. मग बरीच मिनिटं दोन्ही बाजूंच्या मुठी पंख्यासारख्या फिरत राहिल्या.

पत्नीचं म्हणणं पडलं की सुताराला बोलवावं. गृहस्थ दुखावले. बाहेरचा माणूस आला की हा आपला प्रकल्प राहत नाही, त्यांनी समजावलं. मग तिने दुसरा मार्ग सुचवला : मुठीचे स्क्रू आतल्या बाजूला आहेत, मागच्या गॅलरीतून व्हेंटिलेटरमधून अण्णांना पेचकस द्यावा, ते खोलतील.

“लाभार्थ्याने कामाला हात लावायचा नसतो,” गृहस्थ म्हणाले. “उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?”

“आज झालंय त्याची कुणाची?”

“त्याचा आढावा घेऊ.”

आढावा जेवणाच्या टेबलावर झाला. उद्दिष्ट दार लागण्याचं होतं, ते लागलं आहे. उघडण्याबद्दल मूळ प्रस्तावात एक शब्दही नाही, हे सर्वानुमते मान्य झालं. सर्वानुमते, कारण पत्नी शेजारी आंघोळीला गेली होती. घरच्यांना आळीपाळीने टॉवेल घेऊन शेजाऱ्यांकडे जावं लागत असल्याने शेजारधर्म वाढला, ही अतिरिक्त फलनिष्पत्ती म्हणून धरण्यात आली. ग्रुपवर लागलेल्या दाराचा फोटो गेला आणि अंगठ्यांचा पाऊस पडला. डॉक्टर बाबांनी विचारलं, आतून कसं दिसतं? गृहस्थांनी लिहिलं, आतल्या बाजूचे वापरकर्ते समाधानी आहेत.

संध्याकाळी पूरक कामं हाती घेतली गेली. व्हेंटिलेटरला कप्पी आणि टोपली लावून चहा, जेवण आणि वर्तमानपत्र पोचवण्याची सोय झाली. मुलीने पुठ्ठ्यावर ‘अण्णा’ अशी रंगीत पाटी केली. ती दाराला चिकटवली. पाटीखाली पायपुसणं आलं. पायपुसणं आल्यावर चपला बाहेर काढणं ओघाने आलं. मुलगी दाराशी जाऊन “आत येऊ का?” असं विचारू लागली, आणि अण्णाही सवयीने “ये की” म्हणू लागले.

रविवारी सकाळी मात्र पत्नीचा धीर सुटला. गृहस्थ टोपलीला रंग द्यायला गेल्याचं पाहून तिने दाराखालच्या फटीतून लोणी लावायची सुरी आत सरकवली.

“अण्णा, खोला आणि या बाहेर. तुमचे मित्र येतील आता.”

अण्णा खाली बसले, चष्मा पुसला आणि कामाला लागले. पहिला स्क्रू निघाला. दुसरा अर्धा फिरला, तेवढ्यात पलीकडून मुलाचा आवाज आला. तो वरच्या मजल्यावरच्या एका बाबाला दार दाखवायला घेऊन आला होता.

“बघा ना ढकलून. हलत पण नाही. सगळं मी स्वतः केलंय,” तो म्हणत होता. “आमच्या अण्णांना कधी पटलंच नाही, की माझ्या हाताला काही येतं.”

मग अण्णांनी दुसरा स्क्रू पुन्हा घट्ट केला, पहिला त्याच्या जागी बसवला आणि सुरी फटीतून परत पाठवली.

“सूनबाई, सुरी धुऊन घे,” पाहुणा गेल्यावर ते हळूच म्हणाले. “फरशीवर पडली होती.”

दुपारी मित्र आला. त्याला मागच्या गॅलरीत खुर्ची दिली. अण्णा आत बादली उपडी करून तिच्यावर उभे राहिले. व्हेंटिलेटरच्या दोन काचा सरकवल्यावर एकाला दुसऱ्याचं कपाळ तेवढं दिसत होतं.

“केस गेले की रे तुझे,” मित्र म्हणाला.

“तुझे आहेत, पण तुझे वाटत नाहीत.”

दोघे हसले. मित्राने फटीतून हात घातला. मनगटापर्यंतच गेला, अण्णांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. शाळेच्या, मेलेल्यांच्या, गुडघ्यांच्या गोष्टी झाल्या. मग मित्राने विचारलंच, की बाहेर का येत नाहीस.

“मुलाने स्वतः लॅच बसवलंय.”

मित्राने बराच वेळ मान हलवली, म्हणजे कपाळ वरखाली झालं. “माझ्या मुलाने घरात जिना केलाय,” तो म्हणाला. “खाली यायचा. तेव्हापासून मी वरच असतो. या प्रवासाला निघताना मला खिडकीतून उतरवलं.”

त्याची गाडीची वेळ झाली. हात ओढून घेताना घड्याळ काचेला अडकलं, म्हणून निरोप थोडा लांबला. त्याचंच दोघांना बरं वाटलं. गृहस्थांनी या भेटीचा गॅलरीतून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं : ज्येष्ठांना जवळ आणणारा उपक्रम.

सोमवारी मुलगा ऑफिसला गेल्याची खात्री करून अण्णांनी सुरी मागवली आणि बाहेर आले. गॅलरीतल्या त्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले. दिवसभर तिथेच होते. संध्याकाळी मुलाची यायची वेळ झाली तसे उठले आणि वर्तमानपत्र घेऊन पुन्हा आत निघाले. सुनेने वाट अडवली. आता हे पुरे झालं, मी सरळ सांगणार आहे त्यांना, ती म्हणाली.

“सांग की. पण रविवारनंतर,” अण्णा म्हणाले. “येत्या शनिवारी तो सगळ्या इमारतीला शिकवणार आहे म्हणे.” आणि त्यांनी आतून दार लावून घेतलं. खट् आवाज छान येत होता.

त्या शनिवारी इमारतीतल्या प्रत्येक मजल्यावर लॅच बसलं, आणि प्रत्येक घरात एक सळई उरली. कुठे आजी चाचणीला गेल्या, कुठे आत्या. रविवारी कौतुकाचा एवढा वर्षाव झाला की फोन तापले. तिथून ही पद्धत आजूबाजूच्या इमारतींत गेली, आणि आता तर सगळीकडेच प्रचलित आहे.

तेव्हा हसून झालं असेल तर हे पुस्तक जरा बाजूला ठेवा. गेल्या सुट्टीला तुम्हीही घरात काहीतरी स्वतःच्या हाताने केलंत, आणि घरच्या सगळ्यांनी वाहवा केली. त्यातली एक वाहवा किंचित घुमल्यासारखी, फरशीवरून आल्यासारखी वाटली होती का, आठवून बघा. आठवत नसेल तर निदान घरातली माणसं एकदा मोजून घ्या.