ऑलिव्हला मोरडोळे आले

एका जंगलात सगळं काही होतं. करवंदं होती, जांभळं होती, मोहाची फुलं होती. फक्त ऑलिव्ह नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडतही नव्हतं.

पण मुलांनो, राजा एकदा परदेशी जाऊन आला की प्रजेचं काहीतरी अडायला लागतंच. सिंहमहाराज समुद्रापलीकडच्या एका राज्यात पाहुणचार झोडून परतले आणि आल्या आल्या त्यांनी ‘घरटी एक ऑलिव्ह’ ही योजना जाहीर केली. वाघापासून मुंगसापर्यंत प्रत्येकाच्या दारात एकेक रोप लागलं. मुळं किती वाढली हे पाहायला माकड आपलं रोप रोज उपटायचं, म्हणून तेवढं रोप मेलं. बाकीची जगली.

धुरपाक्का अस्वलीण आपल्या झाडावर फार जीव टाकायची. तिचे गुडघे धरले होते. ऑलिव्हचं तेल चोळलं की गुडघे मोकळे होतात, असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं. ती झाडाला सांगायची, “बाबा, तू तेवढं फळ दे. मग मी पुन्हा मधाच्या पोळ्यापर्यंत चढते का नाही बघ.”

झाड गुणाचं होतं. काही वर्षांनी त्याला फळं धरली.

आणि त्याच पावसाळ्याच्या शेवटी पानांवर ठिपके उमटले. गोल गोल, मध्ये काळपट, कडेला पिवळसर वलय. धुरपाक्कानं ते पाहिलं. तिनं ठिपक्यांची पानं खुडली, खाली पडलेलीही गोळा केली आणि ती चुलीकडे निघाली.

तेवढ्यात सरपंच आले. सरपंच म्हणजे निळकंठराव मोर. त्या दिवसांत त्यांचा पिसारा झडलेला होता. मोराचा पिसारा दरवर्षी झडतो आणि दरवर्षी नवा येतो. पण मधले दिवस मोराला फार जड जातात. कुणी वळूनसुद्धा बघत नाही.

“धुरपाक्का, हे काय चाललंय?”

“डाग पडल्याती पानांवर. जाळून टाकते.”

निळकंठरावांनी एक पान उचललं. उलटंसुलटं करून पाहिलं. मग छातीशी धरलं.

“डाग? अहो, हा माझ्या पिसाऱ्यावरचा डोळा आहे! माझी पिसं गळाली आणि झाडानं ती अंगावर घेतली!”

धुरपाक्कानं पुन्हा निरखून पाहिलं. आता सांगितल्यावर दिसत होतं खरं तसं. आणि खोटं कशाला बोला, तिला जरा बरंही वाटलं. जंगलात इतकी झाडं, पण निवडलं ते तिचंच.

मग काय विचारता! दारात दर्शनाची रांग लागली. येणारा मध घेऊन येई आणि धुरपाक्का गुडघेदुखी विसरून ताठ बसून राही. त्या वर्षी दसऱ्याला आपट्याला कुणी विचारलं नाही. मोरडोळ्यांची पानं पिवळीधमक होऊन आपोआप गळत होती. सोनं म्हणायचं तर हेच! सगळ्यांनी ती एकमेकांना दिली, गळाभेटी घेतल्या आणि उरलेली पानं आपापल्या ऑलिव्हच्या फांद्यांना तोरणासारखी बांधली. वरून परतीचा पाऊस पडला.

थोड्याच दिवसांत घरोघरी मोरडोळे उघडले. जंगलभर साखर वाटली गेली.

पुढे काय झालं असेल, ओळखा बरं! पानं गळतच राहिली. फांद्या उघड्या पडल्या. फळं सुरकुतली आणि टपाटपा खाली आली. तेलाचा थेंबही निघाला नाही. धुरपाक्काचा मध संपला आणि गुडघे पुन्हा बोलायला लागले.

एके दिवशी दर्शनाच्या रांगेत डॉक्टर टोचे दिसले. सुतारपक्षी होते ते, झाडांचे सरकारी डॉक्टर. पानापुढे मान लववता लववता ते धुरपाक्काच्या कानाशी पुटपुटले, “बुरशी आहे.”

“अवो, मग मोठ्यानं सांगा की!”

“माझी बदली बाभळीच्या रानात होईल. नीट ऐका. पडलेली पानं जाळा. दाट फांद्या छाटा, झाडात वारा खेळू द्या. पावसाआधी मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून फवारा. माणसांच्या द्राक्षबागेच्या बांधावर मिळेल.” आणि मग मोठ्यानं, “मोरडोळ्यांचा विजय असो!” म्हणत डॉक्टर पुढे सरकले.

धुरपाक्का सरळ बाई. पोटात एक आणि ओठात एक तिला जमत नसे. ती ग्रामसभेत उभी राहिली.

“मंडळी, हे डोळे-बिळे काय न्हाईत. बुरशी हाय. झाडं मरत्यात आपली.”

एकच गिल्ला झाला. “सरपंचांच्या डोळ्याला बुरशी म्हणता?” रानडुक्कर गुरगुरलं. “आमच्या भावना दुखावल्या!” ससा ओरडला. त्याला भावना आहेत हे त्या दिवशीच सगळ्यांना कळलं. डॉक्टर टोचे वर आढ्याकडे बघत बसले.

निळकंठराव मात्र चिडले नाहीत. ते ढसाढसा रडले, आणि ते जास्त वाईट झालं. पान तोडायचं नाही, फांदी छाटायची नाही आणि धुरपाक्कानं माफी मागायची, असा ठराव झाला.

तिनं माफी मागितली. घरी येऊन झाडाला मिठी मारली आणि मोठ्यानं रडली. झाडावर मोजकीच पानं उरली होती. यंदाचा पाऊस ते काही काढणार नव्हतं.

रडून झाल्यावर तिला राग आला. “ठराव गेला चुलीत,” असं म्हणून तिनं मोरचूद आणला, चुना आणला आणि मोठ्या हंड्यात कालवला. पाणी निळंशार झालं. ती त्या निळ्याकडे बघत राहिली. हा रंग आपण कुठंतरी पाहिलाय! आठवलं तशी ती खदाखदा हसत सुटली.

हंडा कडेवर घेऊन ती थेट सरपंचांकडे गेली.

“सरपंच, झाड माझ्या सपनात आलं हुतं.”

निळकंठराव रुसलेले होते. तरी त्यांनी विचारलं, “काय म्हणालं?”

“म्हणालं, सरपंचांचे डोळे मिळाले. आता त्यांच्या गळ्याचा रंग अंगावर पडला, की जन्माचं सार्थक झालं.”

निळकंठराव हंड्यात डोकावले. आत निळं पाणी, वर निळा गळा. ते हरखले. “अगदी माझाच! आणखी काय म्हणालं?”

“जावळ काढा म्हणालं. फांद्या लई दाटल्यात, डोळ्यांवर येत्यात.”

“बरोबर आहे. आणखी?”

“आणि गळालेली पानं पायदळी येत्यात. तुमचे डोळे हो ते! त्यांना अग्नी द्या म्हणालं.”

“सन्मानानं?”

“तर वो! वाजतगाजत.”

झालं. पावसाच्या तोंडावर जंगलभर सोहळा झाला. घरोघरच्या ऑलिव्हचं जावळ निघालं. पानांचा होम झाला, तोरणंही त्यातच गेली. मग निळं स्नान! हत्तीनं सोंडेनं फवारा मारला आणि पहिला मान सरपंचांना दिला. डॉक्टर टोचेंच्या डोळ्यांना धार लागली. कुणीतरी विचारलं तर म्हणाले, “भक्ती, दुसरं काय!”

पुढच्या हंगामात झाडं अशी काही लखलखली की विचारू नका. फांद्या फळांनी वाकल्या. धुरपाक्कानं तेल काढलं, गुडघ्यांना चोळलं आणि पहिल्याच आठवड्यात ती मधाच्या पोळ्याखाली जाऊन उभी राहिली. वर चढलीसुद्धा. माश्यांनी तिला तितक्याच प्रेमानं ओळखलं.

सुजलेलं नाक घेऊन ती घरी आली तर दारात निळकंठराव खाली मान घालून उभे. पिसारा नुकताच झडला होता.

“धुरपाक्का, यंदा एकाही पानावर डोळा नाही. माझं काही चुकलं का? ते निळं स्नान झाडाला सोसलं नसावं. यापुढे बंदच करावं म्हणतो.”

धुरपाक्काला बुरशी परत आलेली दिसायला लागली. क्षणभर तिला वाटलं, खरं काय ते सांगून टाकावं. मग तिला ग्रामसभा आठवली. आणि खरं सांगते मुलांनो, त्या बिनपिसाऱ्याच्या मोराची तिला दयाही आली.

“उद्या सकाळी या,” ती म्हणाली. “डोळे झोपलेत जरा.”

सकाळी निळकंठराव आले, त्यांच्यामागे सगळं गाव आलं. दाराजवळच्या एका खालच्या फांदीवर मोरडोळे उमटले होते. काळेभोर, भोवती पिवळंजर्द वलय. निळकंठरावांनी एकेक पान डोळ्यांना लावलं.

“गेल्या खेपेपेक्षा देखणे आहेत!”

“मग निळं स्नान?”

“म्हणजे काय! दर वर्षी, आणि जोरात!”

धुरपाक्कानं काजळानं आणि हळदीनं बरबटलेले पंजे हळूच पदराआड नेले. रांगेतून डॉक्टर टोचे पुढे आले. त्यांनी पानाला मान लववली, “साक्षात!” असं मोठ्यानं म्हटलं आणि तिच्या कानाशी पुटपुटले, “काजळ जरा कमी लावत जा. सरपंचांच्या गालाला लागलंय.”

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं, फक्त बोलण्याआधी सरपंचांच्या गळ्याचा रंग बघून घ्यावा. आणि रोग पुरता बरा झाला, तरी दर्शनापुरती एक फांदी आजारी ठेवावी.