फेट्यातला फुटबॉल

आमच्या आबासाहेब विद्यालयाचा मुलींचा फुटबॉल संघ सलग अकरा वर्षं तालुक्यात अजिंक्य होता. या काळात आमच्यावर एकही गोल झाला नाही. आम्हीही कुणावर केला नाही. तालुक्यात मुलींचा दुसरा फुटबॉल संघच नव्हता, असं काही लोक हळूच सांगतात. लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. संघ नसणं हा इतर शाळांचा नाकर्तेपणा झाला, त्यात आमच्या पोरींचं कर्तृत्व कमी कसं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

जिंकण्याची कार्यपद्धती ठरलेली होती. दरवर्षी ऑगस्टात आमचा संघ गणवेश घालून मैदानात उभा राहायचा. समोर कुणी नसायचं. अर्धा तास वाट बघून मी शिट्टी वाजवायचो आणि आम्हाला पुढे चाल मिळायची. मी मच्छिंद्र, शिकवायला भूगोल. क्रीडा विभाग माझ्याकडं आला, कारण शाळेतली एकुलती एक शिट्टी माझ्या ताब्यात होती. पुढे चाल मिळाली की मिरवणूक, मग फेटे, शाल, श्रीफळ आणि संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब यांचं भाषण. जिल्ह्याला खेळायला जायची वेळ आली की आम्ही मुलींच्या अभ्यासाचं कारण कळवून नम्र नकार द्यायचो. भिंगारकडच्या पोरी म्हणे खरोखर खेळतात. "पराभव आणायला एवढ्या लांब एसटीनं कशाला जायचं?" असं आबासाहेब म्हणत, आणि ते खरंच होतं.

मुख्य संघात संचालकांच्या घरच्या मुली होत्या. कर्णधार संस्कृती ही आबासाहेबांची नात. सराव कडक असायचा. फोटोत मागच्या रांगेनं कसं उभं राहायचं, नारळ घेताना मान किती झुकवायची, पाहुण्यांच्या हातून ढाल घेताना तोंड कॅमेऱ्याकडं कसं ठेवायचं, हे सगळं आम्ही महिनाभर घटवून घ्यायचो. बॉल या सरावात लागत नसे.

बॉल एकच होता आणि तो राखीव खेळाडूंच्या जबाबदारीत होता. राखीव म्हणजे ज्यांच्या घरचं कुणी संचालक नाही अशा. त्यांची म्होरकी धनश्री. आईबाप दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात, म्हणून ही आत्याकडं, कडूबाईकडं राहते. बॉलमध्ये हवा भरणं आणि तो मिरवणुकीत पुढं धरणं हे तिचं काम. भरलेली हवा टिकते का हे बघायला ती राखीव पोरींना घेऊन रोज शाळा सुटल्यावर पाण्याच्या टाकीमागं दिवस मावळेपर्यंत बॉल लाथाडायची. माझ्या दैनंदिनीत याला 'हवा तपासणी' म्हणत. दोनदा तालुका अजिंक्य ठरलेली ही पोरगी एकदा मला म्हणाली, "सर, मला एकदा खरी मॅच खेळायचीय. औंदा दहावी हाय माझी. पुन्हा कुठली मॅच न् कुठलं काय." मी म्हणालो, "अभ्यास कर." शिक्षकाला एवढंच म्हणता येतं.

बाराव्या वर्षी घोळ झाला. बारा वर्षं म्हणजे एक तप. आबासाहेबांनी तपपूर्ती सोहळा जाहीर केला आणि एका बड्या साहेबांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. साहेबांच्या स्वीय सहायकाचा फोन आला. साहेब लवकर येणार होते, त्यांना अंतिम सामना बघायचा होता. समोर कोण आहे, एवढंच त्यांनी विचारलं.

समोर कुणी नाही, हे सांगणार कोण? मुख्याध्यापक काकासाहेबांनी शाळेत सगळ्यांना बसवून विचार केला आणि संस्थेच्याच पलीकडच्या वाडीतल्या शाखेचा संघ काढायचं ठरलं. शाखेला पोरी होत्या, पण त्या कबड्डीच्या. म्हणून आमच्या राखीव खेळाडूंची शाखेकडं क्रीडाप्रयोजनार्थ तात्पुरती प्रतिनियुक्ती झाली. पाण्याच्या टाकीमागच्या पोरी एका दिवसात प्रतिस्पर्धी झाल्या.

"त्यांनी हरायचंय, हे त्यांना सांगून ठेवा," काकासाहेब म्हणाले.

"लेखी द्या सर."

"असलं लेखी देतात व्हय? तोंडी सांगा."

मी धनश्रीला बोलावून तोंडी सांगितलं.

"सर, हरायचं म्हंजी काय करायचं असतं?"

खरं सांगतो, मलाही आलं नाही सांगता. अकरा वर्षांत आमच्या शाळेत हा विषय कुणी शिकवलाच नव्हता. "दरवर्षी करतेस तेच कर," मी म्हणालो.

"दरवर्षी मी बॉल आनते आन् भायेर बसते."

"मग बॉल आण."

"आन् बसू?"

तिनं हे इतकं पडेल आवाजात विचारलं की माझ्या तोंडून 'बस' निघेना. "बघ कसं जमतं ते," म्हणालो आणि तासाला निघून गेलो.

सोहळ्याच्या दिवशी साहेब खरंच लवकर आले, पण त्यांना पुढं शिर्डीला जायचं होतं. त्यामुळं आबासाहेबांनी कार्यक्रमात किरकोळ बदल केला. आधी सत्कार, नंतर सामना. यात वावगं काही नव्हतं. निकाल ठरलेला असला की क्रम कुठलाही चालतो. नगरहून आणलेल्या फेटेवाल्यानं अकरा जणींना फेटे बांधले. सामन्यानंतर पुन्हा ग्रुप फोटो होता आणि फेटेवाल्याला लगेच परत जायचं होतं, तेव्हा फेटे सोडायचे नाहीत, अशी सूचना निघाली. आमचा संघ फेट्यांसकट मैदानात उतरला. माझ्याकडं शिट्टी असल्यामुळं पंचही मीच होतो.

निवेदनाला सुरेखा मॅडम होत्या. त्यांना भाषण आधीच लिहून दिलेलं होतं. "सलग बाराव्या विजयाकडं वाटचाल करणारा आपला संघ," त्या वाचत होत्या, तेवढ्यात धनश्री आमच्या चौघींना चुकवून पुढं गेली आणि बॉल आत गेला. गावानं बारा वर्षांत गोल पाहिलेला नव्हता, टाळी वाजवायची कुठं हे कुणाला ठाऊक असणार?

"पडला का न्हाई आत?" कडूबाईनं शेजारणीला विचारलं. "दर साली जिंकती म्हनं पोरगी. काय करती ते एकदा डोळ्यानं बघावं म्हनलं, म्हून आले."

प्रमुख पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ते कशालाही वाजवतात. मग गावानंही वाजवल्या.

आमच्या पोरी दोन्ही हातांनी फेटा धरून पळत होत्या. डोक्यानं बॉल मारायचा प्रश्नच नव्हता. मध्यंतरापर्यंत तीन गोल बसले. तिसऱ्या गोलानंतर आबासाहेबांची नात, संस्कृती, मैदानाच्या मधोमध थांबली. तिनं फेटा काढला, व्यवस्थित आजोबांच्या मांडीवर नेऊन ठेवला आणि परत येऊन जी पळाली, ती थांबेचना. शेवटी चार-एक असा निकाल लागला. तो एक संस्कृतीचा. आमच्या शाळेनं बारा वर्षांत केलेला पहिला गोल, आणि तो पराभवाच्या दिवशी झाला. गोल केल्यावर ती आणि धनश्री एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या. कोण जिंकलं, कोण हरलं, त्यांना बघून काही कळत नव्हतं. मला मात्र इतकं बरं वाटलं की शेवटची शिट्टी मी जरा उशिरानंच वाजवली.

त्याच दुपारी चौकशी समिती बसली. मैदान, हवामान, फेट्याचं वजन, सगळं तपासलं. अकरा वर्षं जिंकलो आणि यंदाच हरलो, तर यंदा वेगळं काय घडलं? उत्तर एकच निघालं. यंदा सामना खेळला गेला. समितीनं एकमतानं ठरवलं की पराभवाचं मूळ कारण खेळ हेच आहे. शाखेचा संघ त्याच बैठकीत विसर्जित झाला. ढाल संस्थेचीच, म्हणून ती आमच्याच कपाटात राहिली.

हे इथंच मिटलं असतं. पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मैदानावर पोरी दिसल्या. पाचवीपासून दहावीपर्यंतच्या, बॉल वाट्याला येईना तर प्लास्टिकची बाटली लाथाडत. संस्कृती एकीकडं, धनश्री दुसरीकडं. आठवड्याभरात शाळा सुटली तरी पोरी घरी जाईनात.

मग पालकांचं शिष्टमंडळ आलं. अकरा वर्षांत शाळेत एकही शिष्टमंडळ आलं नव्हतं. "सर, आमच्या पोरी अकरा वर्षं चॅम्पियन हुत्या," एक गृहस्थ म्हणाले, "पन कधी कुनाला खरचटलं न्हाई. आता बघा गुडघे. आन् अभ्यासाचं काय?" काकासाहेबांनी बॉल कपाटात ढालीशेजारी ठेवला आणि कुलूप लावलं. पुढच्या वर्षीपासून पुढे चाल पूर्ववत सुरू होईल, असं आश्वासन दिलं.

तेवढ्यात धनश्री दारात आली. "सर, हवा तपासायची का?"

शिष्टमंडळ तिच्याकडं वळलं. तिच्या गुडघ्यावर खपली धरली होती. त्यांच्यापैकी कुणालाच ती नकोशी नव्हती, हे मला सांगितलं पाहिजे. त्या दिवशी सगळ्यात जोरात टाळ्या याच मंडळींनी वाजवल्या होत्या. "गुनाची पोरगी हाय," तेच गृहस्थ म्हणाले. "खेळ लई झ्याक हाय ओ सर. तिनं खेळावा की. फक्त आमच्या पोरींना त्यात घेऊ नका."

एकटीनं फुटबॉल खेळता येत नाही. धनश्री कपाटाकडं बघून निघून गेली.

वाचताना तुम्ही तिच्याच बाजूचे होता, हे मला माहीत आहे. पुढच्या वर्षाच्या याद्या मी आत्ताच करायला घेतल्यात, एक खेळणाऱ्यांची आणि एक सत्काराची. तुमची मुलगी कितवीत आहे? तिचं नाव कुठल्या यादीत घालू?