मामांनी पेला उचललाच नाही

स्पीकरच्या कोपऱ्यातलं रेक्झिन नखाने जरासं उचकटून बघावं, एवढंच फवाजने ठरवलं होतं. फक्त जरासं.

शुक्रवारच्या जुन्या बाजारातून त्याने ही जोडी आणली होती. कमरेइतके उंच दोन स्पीकर, आणि त्यांच्या अंगावर काळं, खरबरीत रेक्झिन. एखादी मगर सोलून गुंडाळावी तसं. पण नखाखाली अक्रोडाचं लाकूड लागलं, आणि कचेरीत दिवसभर शिक्के मारणारा हा माणूस जो वाहवत गेला तो गेलाच. त्याला दिसू लागलं: खिडक्या उघड्या आहेत, समोरच्या टेकडीवर सॉल्ट गावची पिवळ्या दगडाची घरं उतरत्या उन्हात मधासारखी झाली आहेत, अक्रोडाच्या पोटातून ऊद या तंतुवाद्याचा सूर निघून पडदे हलवतोय, आणि बायको, इन्साफ, त्याच्याकडे कौतुकाने बघतेय. (स्वप्नच ते.)

"माझा हेअर ड्रायर कुठाय?" इन्साफने विचारलं.

"रेक्झिनला ऊब देतोय. गोंद सैल होतो त्याने."

"ओल्या केसांनी हिंडतेय मी! आणि हातात काय? माझं उलथनं?"

फवाजला ऐकू आलं नाही. ड्रायर गुणगुणत होता, उलथनं अलगद आत सरकत होतं, आणि रेक्झिन लांब उसासा टाकत सुटत होतं. दुपारभर तो असाच तरंगत राहिला. खाली निघाला पिवळा, जुनाट गोंद. त्यावर त्याने रॉकेलचं फडकं फिरवलं. गोंदाचं एक असतं, विरघळण्याआधी तो जागा होतो, नव्याने चिकट होतो. एका स्पीकरच्या माथ्यावर तो नुकता जागा झाला होता, आणि दारावरची बेल वाजली.

इन्साफचे मामा, अबू सख्र! घराण्यात सगळ्यांत थोरले. ते फोन करून येत नसत. "आधी विचारून यायला मी काय प्लंबर आहे?" असं त्यांचं म्हणणं. आत आले, खुर्चीत बसले आणि शेजारचा स्पीकर बघून खूश झाले.

"हे बरं केलंत. हाताशी टेबल."

"मामा, ते टेबल नाहीये, त्याच्यावर..."

"थोरल्यांना शिकवू नये, पोरी."

इन्साफ कॉफी ठेवायला आत गेली. (थोरल्यांना न शिकवल्यामुळे जगाचं किती नुकसान झालंय, याचा हिशेब कुणीच ठेवलेला नाही.)

कॉफीतल्या वेलचीचा वास घमघमला. फवाजने पेला भरून उजव्या हाताने मामांना दिला आणि पुन्हा खिडकीकडे बघू लागला. सूर तिथून बाहेर पडेल, की आधी भिंतीला टेकेल? तेवढ्यात मामांनी डोक्यावरच्या रुमालाची काळी दोरी सारखी करायला पेला स्पीकरवर ठेवला. दोरी नीट केली. पेला उचलायला गेले. येईना. दोन बोटांनी ओढला, मग तीन. घराण्याच्या प्रमुखाने बोटभर पेल्याशी कुस्ती खेळायची? त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले आणि समोरच्या भिंतीकडे बघू लागले.

फवाज वळला. भरलेला पेला खाली. हात गुडघ्यांवर. मामा काहीतरी मागायला आलेत!

कारण काही मागायला आलेला माणूस त्या मुलखात असाच बसतो. यजमान "दिलं" म्हणेपर्यंत कॉफीला शिवत नाही. पण मागायला आलेत तरी काय? लेकीला, रीमला मागणी? ती सात वर्षांची आहे! गाडी? तिला तर ढकलावं लागतं!

"मामा, कॉफी घ्या ना."

"घेऊ की."

"निवतेय."

"निवू दे."

स्वयंपाकघराच्या दारातून इन्साफ पाचही बोटं एकत्र मिटून, उघडून, पुन्हा मिटून दाखवत होती. चिकटलाय, चिकटलाय! पण तिथे बोटं अशी मिटली की सगळे एकच समजतात: थांब, धीर धर. फवाजने धीर धरला. कपाळावर घाम फुटेपर्यंत धरला. मग सुटला.

"मामा, जे मनात असेल ते दिलं! आता तरी घ्या!"

आता मामांची पंचाईत. शब्द मिळाला होता, आता पिणं भाग होतं. त्यांनी पेल्याकडे पाहिलं. पेला जिथे जाईल तिथे स्पीकर जाणार, हे उघड होतं.

"मग हे खोकं दे," ते म्हणाले. "कॉफी घरी जाऊन घेईन."

"हे? ...एकच ना, मामा?"

"जोडी फोडू नये."

खाली त्यांच्या पिकअपमध्ये दोन दांडगे पुतणे बसले होतेच. जिन्यात स्पीकर आडवा झाला, कॉफी पायऱ्यांवर सांडली, आणि पेला मात्र गोगलगायीसारखा आडवाच चिकटून राहिला. तेव्हा कुठे फवाजला ती बोटं समजली.

"जाऊन सांग ना त्यांना खरं काय ते!" इन्साफ कडाडली.

"शब्द दिलाय."

"शब्द! सहाचा संच होता माझा. पुढच्या शुक्रवारी जा आणि पेला घेऊन ये."

शुक्रवारपर्यंत फवाजने कचेरीत शिक्के मारता मारता बेत रचला. रीत सगळ्यांना सारखीच, नाही का? आता तो कॉफीला शिवणार नव्हता. मामा "दिलं" म्हणतील. पुन्हा खिडक्या, पुन्हा मधासारखं ऊन...

मामांच्या ओसरीवर दोन्ही स्पीकर होते. त्यांच्यावर हिरवं, गुलाबाच्या फुलांचं, कोरं करकरीत रेक्झिन चढलं होतं. एकाच्या माथ्यावर, दोन गुलाबांच्या मधोमध, पेल्याएवढं टेंगूळ होतं.

कॉफी आली. फवाजने पेला खाली ठेवला, हात गुडघ्यांवर ठेवले आणि समोर भिंतीकडे पाहू लागला. काळजात ऊद वाजत होता.

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. पेल्याकडे पाहिलं. मग शांतपणे तो उचलला आणि एका घोटात संपवला.

"अगं, ऐकलंस का?" त्यांनी आत हाक मारली. "जावयाचं पोट बिघडलंय. कॉफी जात नाहीये. मरमियाच्या पाल्याचा कडू काढा आण बघू!"

काढा आला. फवाजने तो मुकाट्याने शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.