घड्याळजींची वही

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी घड्याळजींच्या बायकोनं लॅपटॉप उघडला आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली: चालू करण्याजोगं काही सापडलं नाही.

"अहो, हा असं काय म्हणतोय?"

घड्याळजी चहाच्या कपात असे निरखून बघत होते, जणू तळाशी एखादा काटा पडलाय.

बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. सात वर्षं मुंग्यांच्या मागं फिरून लिहिलेला प्रबंध आज बाराच्या आत विद्यापीठाकडं पाठवायचा होता. बारानंतर दार बंद, पुन्हा नोंदणीपासून सुरुवात. पेनड्राइव्हवर होता तो चौथ्या प्रकरणापर्यंतचा. उरलेली तीन प्रकरणं त्या काळ्या पडद्यामागं.

झालं होतं असं, की आदल्या संध्याकाळी लॅपटॉपचं घड्याळ तीन मिनिटं मागं असल्याचं घड्याळजींनी पाहिलं. हा माणूस एकदा शेजारी सांत्वनाला गेला असता, आधी भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक सरळ करून मग डोळे पुसणारा. त्याला तीन मिनिटं कशी सोसवणार? मशीन सुरू होताना एक बटण दाबून धरलं की त्याच्या पोटात शिरता येतं, हे त्यांना एका गिऱ्हाइकानं सांगितलं होतं. शिरले. वेळ लावली. पण एकदा झाकण उघडलं की नुसता काटा सरकवून मिटायचं नाही, सगळं बघून घ्यायचं, हा त्यांच्या धंद्याचा शिरस्ता. मशीन कुठल्या पद्धतीनं सुरू व्हावं, या ओळीपुढं 'यूईएफआय' असं काहीतरी अगम्य होतं, आणि त्याला पर्याय 'लेगसी'. शब्दकोशात अर्थ निघाला, वारसा. चार पिढ्यांच्या घड्याळजीला आणखी काय हवं? त्यांनी वारसा निवडला, मशीन बंद केलं आणि समाधानानं झोपले.

बाईंनी भावाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा.

"ताई, आतल्या सेटिंगला कुणी हात लावला का?"

"मी कशाला लावू?"

"आणि भावोजी?"

"मी घड्याळं दुरुस्त करतो," घड्याळजी म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

"मग डिस्क गेली असणार. आलोच दहा मिनिटांत."

दहाची वीस झाली, वीसची साठ. बाई खिडकीतून दाराशी, दारातून खिडकीशी. घड्याळजींच्या भिंतीवरची सात घड्याळं एका सुरात टिकटिकत होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तो आवाज नकोसा झाला.

अकरा पंचवीसला मेहुणा स्कूटर ढकलत आला, घामानं निथळत. "तीन आठवडे झाले, चढ लागला की मरते. तीन मेकॅनिक झाले, कुणालाच कळत नाही." त्यानं लॅपटॉप चालू करून पाहिला, बंद करून पाहिला, कान लावून ऐकला. "सेटिंग कुणी हलवली नाही म्हणता, म्हणजे डिस्कच. काढून दुकानात नेतो. आतलं निघालं तर परवा."

"परवा नको रे," बाई म्हणाल्या. "आज. बारा."

मेहुण्यानं लॅपटॉप पालथा घातला आणि पहिल्या स्क्रूला पेचकस लावला. बाई खुर्चीत बसल्या. रडल्या नाहीत, नुसत्या टेबलावरून चाललेल्या एका मुंगीकडं बघत राहिल्या.

स्क्रू कुरकुरला. तो आवाज घड्याळजींना सोसला नाही, की ती मुंगी सोसली नाही, ते त्यांनाच ठाऊक. उठले, आतून एक वही आणली आणि टेबलावर ठेवली. कुठलंही यंत्र उघडलं की आधी काय होतं ते लिहून ठेवायचं, ही त्यांच्या आजोबांपासूनची शिस्त.

शेवटच्या पानावर मोत्यासारखं अक्षर होतं: 'बायकोचा लॅपटॉप. वेळ तीन मिनिटं मागे, लावली. यूईएफआय होतं, लेगसी केलं.'

मेहुण्यानं दोनदा वाचलं. "भावोजी, तुम्ही तर म्हणालात..."

"मी म्हणालो, मी घड्याळं दुरुस्त करतो."

बाईंनी नवऱ्याकडं असं पाहिलं, की सातही घड्याळांचा एकेक ठोका चुकला म्हणतात.

मेहुण्यानं बटण दाबून धरलं, मशीनच्या पोटात शिरला, वारसा काढून यूईएफआय परत बसवलं. पडदा उजळला तेव्हा अकरा अठ्ठेचाळीस झाले होते. प्रबंध निघाला. तीस टक्के. एकसष्ट. एकसष्ट. अजून एकसष्ट. बाईंनी टेबलाची कड धरली होती. अठ्ठ्याण्णव. मग पोचपावती आली, तेव्हा बाराला किती कमी होते हे घड्याळजींना सेकंदासकट ठाऊक होतं. आज प्रथमच त्यांनी वेळ सांगितली नाही.

बाईंनी श्वास सोडला. मेहुणा हसला आणि मोकळ्या हातानं वहीचं मागचं पान उलटलं. मग त्याचं हसू थांबलं. तो सावकाश, मोठ्यानं वाचू लागला.

"'मेहुण्याची स्कूटर. दारात चालूच ठेवून आत गेला. ठोके विषम वाटले. कार्ब्युरेटरचा स्क्रू दीड फेरा होता, पाऊण केला. ताल सुधारला.'" तारीख तीन आठवड्यांपूर्वीची होती.

बाईंनी वही ओढून घेतली आणि एकेक पान उलटू लागल्या.

"अहो," त्या अगदी हळू म्हणाल्या, "आपला मिक्सर कितव्या पानावर आहे?"

घड्याळजींनी रिकामा कप तोंडाला लावला.

"तो आधीच्या वहीत आहे."