मत्रहचे पोलिटिकल एजंट

आमच्या ऑफिसातला एसी बंद पडला, की पारकरसाहेब दुरुस्तीवाल्याला फोन करायचे सोडून थेट इंग्रजांच्या काळात जायचे.

"अरे कांबळे, हे भांडण जुनं हाय! मस्कतला इंग्रजांचा पोलिटिकल एजंट बसायचा. त्याचा खर्च कोणी द्यायचा? मुंबई म्हणे कलकत्त्यानं, कलकत्ता म्हणे लंडननं. आणि एजंट बसलाय घाम पुसत!" एवढं बोलून ते स्वतःचा घाम पुसत.

आमची कंपनी जहाजांना दोर आणि रंग पुरवणारी. मुख्य कचेरी मुंबईत, तिच्या खालची दुबईत आणि मस्कतजवळच्या मत्रह बंदरातली आमची शाखा कायम तोट्यात. आमचा खर्च कुणाच्या खात्यात टाकायचा, यावर त्या दोघींची वर्षानुवर्षं जुंपलेली. पारकरसाहेब दुबईला 'कलकत्ता' म्हणत. एकदा फोनवरही "हॅलो, कलकत्ता?" म्हणाले. दुबईच्या साहेबांनी राँग नंबर म्हणून फोन ठेवून दिला.

तोट्याला त्यांचाही हातभार होताच. कुणी खलाशी नुसता सावलीला टेकला, तरी त्याच्यापुढे कहवा आणि हलवा. मी कपाळाला हात लावला, की म्हणत, "ही एजन्सी हाय बाबा, दुकान न्हाय."

गेल्या ऑक्टोबरात निरोप आला: शाखा महिनाअखेर बंद. माझ्या पायाखालची वाळूच सरकली. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि माझी निकिता इथल्याच शाळेत दहावीत. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये.

व्हिडिओ कॉलला मुंबई आणि दुबई दोन्ही हजर. आता पुन्हा इंग्रज येणार, म्हणून मी डोळे मिटून बसलो. पण पारकरसाहेबांनी इतिहासाचं अवाक्षर काढलं नाही.

"सर, मार्चपर्यंत चालू ठेवा. कांबळेच्या मुलीची दहावी आहे. माझा पगार आजपासून बंद करा. मी तसाच बसेन."

आयुष्यात पहिल्यांदाच मुंबई-दुबईचं एकमत झालं.

मी नंतर त्यांच्याशी भांडलो. ते मान खाली घालून दोराचं भेंडोळं नीट करत राहिले. "मला काय रे लागतंय? रत्नागिरीत पगाराची वाट बघणारं कोण उरलंय?"

निकिताच्या शेवटच्या पेपराला ते न सांगता शाळेच्या फाटकावर आले. कडक इस्त्रीचा शर्ट घालून पालकांच्या गर्दीत उन्हात उभे. शेजारच्या मल्याळी बाईंनी विचारलं, "आपका बच्चा कौन है?"

पारकरसाहेबांनी चोरून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, "निकिता."

मी ऐकलंच नाही असं दाखवून रस्त्याकडे बघत राहिलो. त्या माणसाचे उपकार मानायला मला तेवढंच सुचलं.