अकरा हिवाळ्यांचा मळ

बायकोचं एखादं काम न सांगता करावं, हा विचार नवऱ्याच्या डोक्यात सहसा येत नाही. पण आला की घात करूनच जातो. आमच्या लाँड्रीवाल्यांच्या डोक्यात तो शनिवारी दुपारी साडेतीनला आला.

दाराच्या खुंटीवर बाईंचं जॅकेट लटकत होतं. बाई म्हणजे लाँड्रीवाल्यांची बायको. शाळेत विज्ञान शिकवायच्या, आणि हिवाळा आला की दर रविवारी पहाटे समुद्रात घुसलेल्या त्या खडकाळ टोकावर जाऊन पक्षी बघत बसायच्या. त्या बसण्याचं हे जॅकेट. कॉलर काळपट, कोपरांवर शेवाळ, पाठीवर चिखलाचे ओघळ. लाँड्रीवाले त्याच्याकडे अकरा वर्षं बघत होते आणि आतल्या आत झुरत होते. ('गावाचे डाग काढतो आणि घरात हे!' असं एक गिऱ्हाईक म्हणालंही होतं. ते गिऱ्हाईक त्यांनी तोडलं, पण वाक्य काही तुटलं नाही.)

त्यात उद्याचा रविवार साधासुधा नव्हता. गेल्या हिवाळ्यात बाईंना त्या टोकावर एक तुतवार दिसला होता. हा मुठीएवढा किनारपक्षी. पण याची चोच टोकाला वर वळलेली, आणि ती जात या किनाऱ्यावर कुणी पाहिलेलीच नव्हती. पक्षीमंडळाचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त कप्तान. समुद्रावर आपल्या परवानगीशिवाय काही उडतं, हेच त्यांना पटत नसे. त्यांनी मंडळाच्या वहीत बाईंच्या नोंदीपुढे लाल शाईने लिहिलं, 'शंकास्पद'.

वीस वर्षांत ज्या बाईने एक पक्षी इकडचा तिकडे लिहिला नाही, तिला शंकास्पद! बाई दोन दिवस घरात कुणाशी बोलल्या नाहीत. उद्या वार्षिक गणना होती, कप्तान जातीने येणार होते. तुतवार त्यांच्यासमोर दिसला तर लाल शेरा खोडला जाणार होता. नाही दिसला, तर 'टोकाची जबाबदारी तरुण डोळ्यांकडे द्यावी म्हणतो,' असं कप्तानांनी आधीच सुचवून ठेवलं होतं.

"एवढ्या मोठ्या दिवशी माझी बायको त्या अवतारात जाणार?" लाँड्रीवाले स्वतःशीच म्हणाले आणि जॅकेट काखोटीला मारून दुकानात गेले.

मग त्यांनी हयातभराची विद्या पणाला लावली. सोड्यात उकळलं, ब्रशने घासलं, नीळ दिली, कडक खळ दिली आणि वरून इस्त्री फिरवली. (इतकी मेहनत त्यांनी स्वतःच्या लग्नातल्या कोटावरही घेतली नव्हती.) आणि चमत्कार! अकरा वर्षं जे खाकी म्हणून मिरवत होतं, ते मुळात पांढरंशुभ्र निघालं. लाँड्रीवाल्यांचे डोळे भरून आले.

पहाटे, आज प्रथमच बरोबर निघालेल्या नवऱ्याला बाई दुर्बीण पुसत म्हणाल्या, "अहो, खुंटीवरचं जॅकेट घ्या बरोबर."

"घेतलंय!" लाँड्रीवाले नव्या नवऱ्यासारखे लाजत म्हणाले.

टोकावर पोचले तेव्हा उजाडत होतं. वारा असा की कान जागेवर आहेत की नाहीत ते चाचपून बघावं लागे. कप्तान कॅमेरा रोखून आधीच बसले होते. लाँड्रीवाल्यांनी कागदी पुडकं पुढे केलं. बाईंनी ते सोडलं आणि बघतच राहिल्या.

"अहो, हे काय?"

"तुझंच जॅकेट."

"माझं मळकं होतं."

"होतं ना! तेच तर!"

"घेतल्या घेतल्या चार दिवस चहात भिजवून, चिखलात लोळवून मी त्याला तो रंग आणला होता. पक्ष्यांना मी दिसू नये म्हणून!"

लाँड्रीवाल्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण तिथे सगळा कातळ, दुभंगणार कुठून? थंडी मरणाची, दुसरं काही नाही, म्हणून बाईंनी तेच जॅकेट चढवलं. खळ अशी कडक होती की हात वर केला की पत्रा वाजल्यासारखा आवाज होई. पहिल्यांदा दुर्बीण डोळ्याला लावली, 'कर्रर्र', आणि समोरच्या खडकांवरचा अख्खा थवा उठून पलीकडच्या कड्यामागे गेला.

"वा!" कप्तान म्हणाले. "बाई, आज गणना सोपी आहे. शून्य."

बाईंनी घड्याळ पाहिलं. पावणेनऊला पूर्ण भरती. तेव्हा पाण्याबाहेर मोजकेच खडक उरतात आणि सगळे पक्षी तिथे गोळा होतात. पाणी उतरलं की सगळे पांगणार. हातात जेमतेम तास होता.

"काढ ते," लाँड्रीवाले म्हणाले. "माझा कोट घाल. मी हे घालून कुठेतरी लांब तोंड लपवतो."

त्यांचा कोट मात्र मातकट, तेलकट, बाह्यांना राखाडी कड आलेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बाईंनी तो घातला आणि खडकात दिसेनाशाच झाल्या.

लाँड्रीवाले पांढरंशुभ्र जॅकेट कर्रकर्र वाजवत, चुलीत गेली ती स्वच्छता असं पुटपुटत कड्याला वळसा घालून निघाले. आणि नेमके तिथे पोचले, जिथे तो थवा बसला होता. हे भलतं चमकणारं, वाजणारं प्रकरण पाहून शेकडो पक्षी एकदम उठले, पाण्यावर तिरके वळले आणि थेट बाईंच्या पुढ्यातल्या खडकांवर जाऊन उतरले.

कड्याच्या टोकावरचे लाँड्रीवाले आता समोर दिसत होते; मधल्या घळीपलीकडून बाईंनी हाताचा पंजा दाखवला. थांबा! हलू नका!

लाँड्रीवाल्यांचा एक पाय दगडावर होता, एक हवेत होता. तो तसाच राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पाऊण तास. (पायाला मुंग्या आल्या, मग मुंग्याही कंटाळून गेल्या.) नाक गळत होतं, पण पुसायची सोय नव्हती.

पण तिथून त्यांना बाई दिसत होत्या. घरी चष्मा शोधणारी ही बाई इथे केवढी वेगळी होती! श्वास घेतेय की नाही ते कळू नये इतकी स्थिर. नजर एकदा थव्यावरून फिरली, पेन्सिल हलली, झालं. चारशे पक्षी जातवार कागदावर. वीस वर्षं ही रविवारी कुठे जाते ते आपल्याला माहीत होतं, काय करते ते मात्र आज कळलं, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या गळक्या नाकासकट त्यांचा ऊर भरून आला.

तेवढ्यात बाईंनी कप्तानांच्या दंडाला बोट लावलं. कप्तानांनी कॅमेरा उचलला, खाली केला, डोळे चोळले, पुन्हा उचलला. थव्याच्या कडेला एक छोटा पक्षी गाडी चुकल्यासारखा धावत होता. पाय नारिंगी. चोच टोकाला वर वळलेली.

भरती उतरल्यावर कप्तानांनी टोपी काढली. "बाई, माझं चुकलं," म्हणाले, आणि लाल शाईचा शेरा त्यांनी तिथेच, स्वतःच्या हाताने खोडला. लाँड्रीवाल्यांना दोघांनी धरून उतरवलं, कारण हवेतला पाय खाली येईना.

महिन्याभराने मंडळाच्या मासिकाच्या अंकात पहिल्याच पानावर कप्तानांनी काढलेला फोटो आला. समोर तुतवार, मागे धूसर पांढरा ठिपका. खाली ओळ होती : 'पार्श्वभूमीला पक्ष्यांच्या विष्ठेने पांढरा झालेला खडक.'

"अगं, खडक काय? मी आहे तो!" लाँड्रीवाले कळवळले.

"चूक ती चूक," बाई म्हणाल्या. "मी आजच्या आज पत्र लिहिते." चुकीची नोंद त्यांना खपतच नसे.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापून आली : 'गेल्या अंकातील छायाचित्रात दिसतो तो खडक नसून बाईंचे जॅकेट आहे.'

लाँड्रीवाल्यांनी ते दोनदा वाचलं, मग अंक उलटा धरूनही पाहिला. "आणि जॅकेटात मी होतो, त्याचं काय?"

बाईंनी वहीतून डोकंही वर केलं नाही.

"अहो, नोंद दुर्मीळांची करतात. तुम्ही तर बारा महिने आढळता."